जांभ्याच्या सड्यावर अर्ध्या मिनिटाचं टिंब

“हात बिघडला बाय, आता मोर्स नाय जमत,” दाऊदचाचा फोनवर म्हणाले आणि मी रत्नागिरीचं तिकीट काढलं. जहाजावर रेडिओ ऑफिसर म्हणून आयुष्य काढलेल्या या माणसाने मला हौशी रेडिओ शिकवला. आता उजव्या हाताला कंप आहे. त्यांच्या टिंब-रेघा कुणाला उलगडत नाहीत, म्हणून त्यांनी सेटला हात लावणंच सोडलं होतं. मला ते सहन होईना.

बेत सोपा होता. काही शे हर्ट्झची, अगदी तळातली लहर अँटेनाऐवजी जमिनीतून सोडायची. ती इतकी क्षीण असते की एक टिंब अर्धं मिनिट धरावं लागतं आणि रेघ दीड मिनिट. एवढ्या संथ कामात थरथर कुणाला कळणार? (परवान्याचे नियम आधी पाहून घ्या, विषाची परीक्षा नको.)

पुण्याहून रात्रीची एसटी आंबा घाटातून सकाळी रत्नागिरीला सोडते, पुढे चाचांच्या जयगडची गाडी. तिकीट परवडतं, पण घाटात पोट ढवळतं. चाचींच्या हातची तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं कालवण खाल्लं तेव्हा कुठे बरं वाटलं.

पहिला दिवस फुकट गेला. लहर जमिनीत सोडायला आणलेल्या सळ्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या पठारावरच्या, जांभ्यात शिरेनात.

“दगडाला काय ठोकतेस? दोन बागांत दोन विहिरी आहेत ना,” चाचा म्हणाले.

तारा विहिरींत सोडायला गेलो तर शेजारीण धावत आली. “माझ्या विहिरीतल्या कासवाला करंट लागेल हां!” कासव बादलीत काढल्यावरच तिने परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी चाचा बॅटरी आणि मोर्सची कळ घेऊन विहिरीपाशी, मी लॅपटॉप घेऊन सड्याच्या दुसऱ्या टोकाला, ओढ्याच्या ओलीत सळ्या रोवून. पडद्यावर नुसती विजेच्या तारांची गुणगुण. एरवी इथे दिवसातून दहादा वीज जाते, आज जाईना. दुपारी एकदाची गेली. गाव शिव्या घालत असणार, मी देवाचे आभार मानले.

ठरलं होतं ‘व्ही’: तीन टिंबं, एक रेघ. पण उमटलेली पहिलीच रेषा थांबेना. चाचांचा हात कळीवर अडकला, असं वाटलं. मग एक टिंब. मग टिंब आणि रेघ. अक्षरं जुळवली: टी, ई, ए.

चहा! मी एकटीच मोठ्याने हसले आणि रडलेही.

घरी पोचले तर चाची वैतागलेल्या. “तुला फोन करा म्हटलं, तर ऐकतायत कुठे? चहाचं पाणी झालं!”

पुण्यात परतले तरी सामान वाहून खांदा दुखतोय. पडद्याचं चित्र जपून ठेवलंय, रेषा अगदी सरळ आहेत. काल चाचांचा फोन आला.

“पुढच्या खेपेला लांब बस. एवढ्या जवळ तर मी हाक मारली असती.”