त्रिशलाचा कोरा रकाना

बेळगावच्या एका सामाजिक संशोधन संस्थेनं वेबसाइटसाठी प्रत्येक संशोधकाचा पूर्वीचा व्यवसाय लिहून मागितला. कुणी प्राध्यापक, कुणी पत्रकार. स्वरूपा तर डॉक्टरेटवाली. गावातल्या पाहण्यांसाठी नव्यानंच घेतलेल्या बोरगावच्या त्रिशलानं मात्र चार दिवस रकाना कोराच ठेवला. दारोदार बांगड्या भरत होते, हे असल्या पंगतीत कसं लिहायचं? एरवी गावभरच्या भानगडी तोंडपाठ असलेली बाई, पण स्वतःचं सांगायची वेळ आली आणि वाचाच बसली!

त्यातच बायकांच्या आहाराची पाहणी निघाली. बोरगावात स्वरूपाला दारोदारी एकच उत्तर मिळालं, "सगळं बरं हाय." सासू उंबऱ्यात ठाण मांडून बसल्यावर सून दुसरं काय बोलणार म्हणा!

सोबत आलेल्या त्रिशलानं पुढच्या घरी फॉर्म बाजूला ठेवला आणि राजमती नावाच्या सुनेचा हात हातात घेतला.

"लग्नात दोन-सहाच्या मापाची काकणं मीच भरलती गं. आता दोन-चारची बी सैल! जेवतीस का न्हाय?"

राजमतीचे डोळे भरले. "सगळ्यांचं झाल्यावर उरंल ते खाती, आक्का."

उंबऱ्यातली सासू उठून आत गेली.

बाहेर पडताच स्वरूपा म्हणाली, "बांगडीच्या मापाचा प्रश्न आपल्या फॉर्ममध्ये घालूया. पण तू हे शिकलीस कुठं गं?"

त्रिशलानं पिशवीतून वेबसाइटचा तो कागद काढला आणि रकान्यात ठसठशीत लिहिलं: बांगड्या भरणे, बारा वर्षं.