कय्युमभाईचा कान आणि नारिंगी वायर

तुमच्या गाडीतला एसी कशाच्या जोरावर फिरतो, सांगता येईल का? नाही ना? मग यवतमाळच्या कय्युमभाईवर हसायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?

कळंब रोडवरच्या पत्र्याच्या दुकानात हा माणूस मिसरूड फुटल्यापासून गाड्यांचे एसी दुरुस्त करतो. त्याची तऱ्हा ठरलेली. बॉनेट उघडायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "रेस द्या." इंजिनवरचा पट्टा कंप्रेसर फिरवतो. एसी लावला की क्लच 'टक्' करून चिकटतो. त्या 'टक्'वरून कय्युमभाई रोग ओळखतो.

यंदाच्या मे महिन्यात पुंडलिकराव नवी हायब्रिड घेऊन आले. पेट्रोलचं इंजिन, सोबत बॅटरी. एसीतून मात्र गरम वाफा.

"रेस द्या."

पुंडलिकरावांनी दिली. टक् काही झालं नाही.

"कंप्रेसर गेला," कय्युमभाईनं निकाल दिला आणि पट्टा पाहायला वाकला. पट्टाच नव्हता. कंप्रेसरला जाड नारिंगी वायर जोडलेली.

"काहून गा कय्युमभाई, पट्टा उंदरानं नेला काय?" पुंडलिकराव म्हणाले. शेजारच्या चहाटपरीवर सगळे फिदीफिदी हसले.

गॅस भरायचा तर सोबत थोडं तेल सोडायचं, हा कय्युमभाईचा शिरस्ता. नेहमीच्या बाटलीचं झाकण त्यानं उघडलंही. पण हात थांबला. अंदाजानं ओतलं आणि गाडी बिघडली, तर जन्मभराचं नाव जाणार. विचारायचं, तर मोईनला. तो त्याचाच शागीर्द, भांडून लोहाऱ्यात वेगळं दुकान टाकलेला. शोरूमवाल्यांना ट्रेनिंग मिळतं हो, रस्त्यावरच्या मेकॅनिकला कोण बोलावतं? मोईन आपल्या हिमतीवर नागपूरला जाऊन या नव्या गाड्यांचं काम शिकला होता.

उस्तादानं शागीर्दाला फोन करायचा, तोही टपरीवर हसणाऱ्यांच्या देखत. कय्युमभाईनं केला.

"मोईन, मले हे समजून नाही राह्यलं. येतं का?"

मोईन गाडी दामटत आला. बाटली पाहून त्याचा चेहराच उतरला. "उस्ताद, हे टाकलं तं नाही ना?"

"नाही. पण काहून?"

"ह्या कंप्रेसरच्या पोटातच मोटर हाय, बॅटरीवर चालते. आपल्या तेलातून तिचा करंट गळते. गाडीच उभी राह्यते मंग."

"अन् टक्?"

"होतच नाही."

"म्हणजे माह्या कानाले सुट्टी."

"बोटं हायेत ना तुमची."

मोईननं जाड रबरी हातमोजे घालून बॅटरीचा करंट तोडला. कय्युमभाईनं पाइपांवरून बोटं फिरवली. एका जोडावर ती चिकट झाली. रबराची रिंग झिजून गॅस गळत होता, सोबत तेलही. रिंग बदलली, मोईनकडचं वेगळं तेल घातलं, गॅस भरला. पुंडलिकराव काच वर करून गारव्यात बसले. उस्ताद-शागीर्द एका बाकावर चहा प्यायले.

आता कय्युमभाई बॉनेटला हात लावायच्या आधी विचारतो, एसी पट्ट्यावर का बॅटरीवर? तुम्ही गेलात तर खरं सांगा, ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा. आणि तो मोईनला फोन लावू लागला, तर दात काढू नका. बाकावर बसा आणि थांबा.