फणस निवडून आला तेव्हा

सत्तावन्न सालच्या निवडणुकीत सहदेव तांडेल मत द्यायला गेला, तेव्हा त्याचं मत आधीच कुणीतरी देऊन गेलं होतं.

आमच्या वायंगवेळ गावात दर्याकडे रापणकरांची वाडी आणि टेकडीपलीकडे भातशेतीवाल्यांची. मतदान दोघांचं एकाच शाळेत. सहदेव रापणीचा तांडेल. रापणीचं लांब जाळं किनाऱ्यावर ओढायला चाळीस माणसं दोरीला लागली की त्याच्या शब्दाबाहेर कुणी पाऊल टाकत नसे. असा माणूस धुतलेला सदरा घालून टेबलापुढे उभा राहिला आणि अधिकारी यादीवर बोट ठेवून म्हणाला, "तुमचं मत झालेलं आहे."

"माझा मत झाला?" सहदेव म्हणाला. "मी हंय तुमच्या समोर उबो आसंय. मगे तो कोण होतो?"

अधिकाऱ्याने कायद्याप्रमाणे त्याला वेगळी मतपत्रिका दिली, ती पाकिटात घातली आणि सांगितलं, ही जपून ठेवू, पण मोजणार नाही. न मोजायचं मत जपायचं कशाला, हे सहदेवाला शेवटपर्यंत कळलं नाही. तोतया कोण, हेही नाही. मी गावचा शिंपी. त्याच्या मापाचा सदरा गावात आणखी कुणाला होतो, हे विचारायला तो माझ्या दुकानात आला होता.

तेव्हापासून त्यानं हा विषय लावून धरला. बासष्टची निवडणूक जवळ आली तशी त्यानं मच्छीमार सोसायटी, शेतकऱ्यांची सोसायटी आणि भजनी मंडळ या तिघांना देवळात एकत्र बसवलं. या तिघांचं आधी कशावर एकमत झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यातून 'मतदार मदत मंडळ' निघालं. मंडळानं कुठल्याच उमेदवाराचं नाव घ्यायचं नाही. घरोघर यादी वाचून दाखवायची, चुका कचेरीत कळवायच्या, तोतया आला तर अडवायचा. अध्यक्ष अर्थातच सहदेव. चिटणीस मी, कारण माझ्याकडे टेबल होतं. शेतकऱ्यांकडून राधाबाई, कारण टेकडीपलीकडे तिला विचारल्याशिवाय कुणी पेरणीसुद्धा करत नसे.

त्या वर्षी मत द्यायची रीत बदलली होती. पूर्वी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे. आता एकाच कागदावर सगळी चिन्हं, त्यातल्या एकावर शिक्का मारायचा आणि घडी घालून एकाच पेटीत टाकायचं. बायका म्हणाल्या, आम्हांला नाही जमणार. म्हणून सहदेवानं सरावाचं मतदान ठरवलं. खरी चिन्हं घेतली असती तर प्रचार झाला असता, तेव्हा उमेदवार म्हणून त्यानं मासे उभे केले : बांगडा, इसवण आणि तारली.

"सगळे उमेदवार दर्याचेच?" राधाबाई म्हणाली. "आमच्याकडचो एकय नाय?"

"तुमी मासे खातास ना?" सहदेव म्हणाला.

"खातंव. म्हणान निवडून दिवचे?"

चौथा उमेदवार फणस झाला. चित्रं मी काढली. माझी तारली होडीसारखी दिसते, असं पुष्कळांनी सांगितलं. शिक्का बटाट्याचा कोरला, शाई निळीची केली.

सहदेवानं पेटीपासून शंभर पावलं मोजून रापणीची दोरी टाकली आणि बजावलं, "हिच्या आत प्रचार करूचो नाय. आणि मत कोणाक दिलास ता कोणाक सांगूचा नाय. घोवाकय नाय." नवऱ्यालाही नाही, हे ऐकून पुरुष हसले, बायका हसल्या नाहीत. त्या ऐकत होत्या.

मतदान रंगलं असताना राधाबाईनं येऊन तक्रार केली की दोरीच्या आत एक बाई बांगड्याचा प्रचार करते आहे. सहदेव तरातरा गेला. बाई त्याची बायको हिरा होती. पुढ्यात बांगड्यांची पाटी होती आणि ती ओरडत होती, "बांगडो घेवा, बांगड्यासारको दुसरो नाय."

"ह्यो प्रचार झालो," सहदेव म्हणाला.

"ह्यो धंदो झालो," हिरा म्हणाली. "सकाळपासून पाटी तशीच आसा. गिऱ्हाईक सगळा तुमच्या रांगेत."

लोक बघत होते. सहदेवानं स्वतः पाटी उचलली, दोरीबाहेर नेऊन ठेवली आणि परत येऊन अध्यक्षाच्या खुर्चीवर बसला. त्या दिवशी त्याला जेवण मिळालं की नाही, हे विचारायचं धाडस चिटणिसाला झालं नाही.

मोजणी झाली. फणस एकेचाळीस, बांगडा तेहेतीस, इसवण अठरा, तारली बारा. फणस निवडून आला. दर्याकडचे पुन्हापुन्हा बेरीज करत राहिले. तीन माशांची मिळून त्रेसष्ट मतं आणि निवडून आला तो काटेवाला. "मता फुटली," सहदेव म्हणाला, आणि त्या संध्याकाळी रापणकरांच्या वाडीला राजकारण जेवढं कळलं तेवढं नंतर कुठल्याच सभेत कळलं नाही. राधाबाईनं दुसऱ्या दिवशी सगळ्या घरांत सुकवलेल्या फणसाची साटं वाटली. मतदानानंतर वाटली म्हणून तिला काही म्हणता येईना.

सत्तावीस मतं मात्र बाद झाली होती. ओल्या शाईचा ठसा घडीत दुसऱ्या चित्रावर उमटला होता. इथं माझा उपयोग झाला. पंधरा दिवस मी दुकान अर्धा वेळ बंद ठेवून बायकांना कागद आधी उभा कसा दुमडायचा ते शिकवलं. हिरा सगळ्यांत आधी शिकली.

खरं मतदान फेब्रुवारीत झालं. शाळेबाहेर मंडळाची माणसं नुसत्या यादीतल्या नंबरच्या चिठ्ठ्या लिहून देत होती. चालता न येणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून आणलं. सहदेव पहाटेपासून रांगेच्या तोंडाशी उभा होता. प्रत्येकाला तोंडानं ओळखून, नावानं आत सोडत होता. स्वतःचं मत त्यानं सगळ्यांत आधी दिलं. कुणावर विश्वास ठेवायला तो तयार नव्हता. बाहेर आला तेव्हा डाव्या हाताच्या बोटावरची शाई तो एवढा वेळ बघत राहिला की मागची रांग थांबली.

संध्याकाळी मी त्याच्या घरापुढच्या खळ्यात बसलो होतो. सहदेव हिराला सहज विचारल्यासारखं म्हणाला, "कोणाक दिलंस गो?"

"तुमीच सांगलास ना, घोवाकय सांगूचा नाय म्हणान."

"ता लोकांका सांगलंय."

"मगे मी कोण?" हिरा म्हणाली आणि चुलीकडे गेली.

सहदेवानं माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं. पुढे कितीतरी दिवस तो तिच्या तोंडून काढून घ्यायला बघत होता. राधाबाईला मध्ये घातलं, तेव्हा राधाबाईनं त्यालाच नियम वाचून दाखवला. मग त्याला नवीनच शंका आली. "सरावाक फणसाक तूच दिलंस नाय मां?" हिरा पाटी उचलून मासे विकायला निघून गेली.

मोजणीला बसलेल्या एका ओळखीच्या कारकुनाकडून कळलं, आमच्या पेटीत बाद मतं नऊच निघाली. आजूबाजूच्या गावांत पन्नास-साठ. मी खूश होतो. सहदेव मात्र नऊ जण कोण, याच्या काळजीत पडला, आणि हे शोधून काढायला त्याच्याच मंडळाची बंदी होती.

सदुसष्टपर्यंत त्याचे गुडघे गेले. शेजारच्या गावांतून मतदानाचा सराव घ्यायला बोलावणी येऊ लागली, तेव्हा हिरा जायला लागली. नाहीतरी पाटी घेऊन ती त्या गावांत फिरायचीच. अंगणात उमेदवार म्हणून मासे मांडायची, कागद दुमडून दाखवायची आणि उरलेले मासे विकून यायची. तिकडची माणसं सहदेवाला 'हिराबाईचो घोव' म्हणून ओळखू लागली. कुणी तसं म्हटलं की तो म्हणायचा, "होय, तोच मी," आणि आपलं पूर्ण नाव, यादीतल्या नंबरासकट, सांगायचा.