वाळूत बांधलेले बैल

लंकाबाई कशालाच भ्यायची नाही. पंधरा वर्षं ऊसतोडीला गेलेली बाई, फडात बिबट्या दिसला तरी कोयता आपटून हाकलणारी! पण नदीला भ्यायची. आणि नदी तरी कसली, शेवगावकडची, आठ महिने कोरडी, पोरं तिच्यात क्रिकेट खेळायची. सगळं गाव हसायचं तिला.

तिचं माहेर वर पाथर्डीच्या डोंगरात, जिथनं ही नदी निघते तिथं. उघडे खडकाळ उतार. पाऊस पडला की पाणी थांबतच नाही, घागर उपडी केल्यासारखं सुटतं. लहानपणीच पाहिलं होतं तिनं. म्हणून पावसाळ्यात भावजयीला, रंगुबाईला, रोज फोन. डोंगरातला पाऊस माहेरच्यांनी बघायचा न् सासरच्यांनी भोगायचा, असं म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी असाच फोन आला न् तिनं ओरडून ओरडून सगळ्यांना नदीतनं बाहेर काढलं. नदी आली किती? घोट्याएवढी! तेव्हापासून शेजारच्या सूर्यभाननं तिचं नावच पाडलं, हवामान खातं.

यंदा सप्टेंबरात बारा दिवस पाऊस लागून राहिला. काळ्या रानात नुसता रबरबाट, गोठ्यातही तेच. बैलांची खुरं सडायला लागली. मग उघडीप मिळाल्याबरोबर लोकांनी जनावरं नदीत नेऊन बांधली, कारण वाळू लगेच निथळते. पाणी एका कडेनं वाहत होतं, बाकी सगळं उघडं. लंकाबाईच्या नवऱ्यानं, श्रीमंतनं, नवी जोडी तिथंच बांधली. महिन्यावर हंगाम आलेला, उसाची गाडी ओढणार ती हीच जोडी. तिनं किती सांगितलं, पण ऐकेल तर ना!

त्या सकाळी कडक ऊन. लंकाबाई बांधावर विळ्यानं गवत कापत होती, तेवढ्यात फोन.

"वन्सं, पहाटपासून लावतीया, रेंजच न्हाई!" रंगुबाई रडतच होती. "वर लई पाऊस झाला, तळ्याच्या भिंतीवरनं पानी चाललंय!"

"कवापासून?"

"दोन तास झालं आसतील."

दोन तास. डोंगरातलं पाणी इथं पोचायला तेवढेच लागतात. लंकाबाईनं कापलेलं गवत तिथंच टाकलं. तशीच रानातनं धावत सुटली. पाय चिखलात रुतायचा, उचलला की खड्डा पाण्यानं भरायचा. ते बघून तर ती आणखीच जोरात पळायला लागली. मागच्या वेळी रान तहानलेलं होतं, पाणी वाटेतच जिरलं. आता रानाचं पोट गच्च भरलेलं. आता एक थेंब जिरायचा नाही.

"आलं बघा हवामान खातं!" नदीतनं सूर्यभान ओरडला.

"आवं, सोडा बैल!" वाळूत उतरत लंकाबाई ओरडली.

बैलांजवळ बसलेला श्रीमंत हसला. "आगं, ऊन बघ की डोळं उघडून."

"ऊन हितं हाय, पाऊस तिकडं झालाय!"

"मागं पन आसंच..."

"मागं रान कोरडं हुतं! आता टाच मारली तरी पानी निघतंय. आता कुठं जिरंल ते, तुमच्या डोक्यात?"

श्रीमंत बोलणार तोच बैलांचे कान ताठ झाले. मग ओल्या मातीचा उग्र वास. मग आवाज, घाटात एकामागं एक ट्रक चढावेत तसा. सूर्यभानचं हसू कुठल्या कुठं गेलं, गाय ओढत तो पळालाच, त्याच्यामागं बाकीचेही आपापली जनावरं घेऊन.

एक बैल सुटला, काठावर गेला. दुसऱ्याच्या दाव्याची गाठ भिजून फुगलेली. श्रीमंत नखांनी, दातांनी ओढतोय. गढूळ पाणी घोट्याला लागलं. बघता बघता गुडघ्याला.

"ऱ्हाऊ द्या त्याला! चला!" लंकाबाई ओरडली.

"सुटतंय गं, थांब! बैल गेला तर खायचं काय?"

तेव्हा तिच्या लक्षात आलं, विळा अजून हातातच आहे. एका घावात दावं तुटलं. बैल उसळला, श्रीमंतनं त्याची शेपटी धरली, तिनं श्रीमंतचा सदरा धरला, न् तिघं कसेबसे काठावर आले. मागं वळून बघितलं, तर ते उभे होते तिथनं एक अख्खी बाभळ लोळत चाललेली.

वर ऊन तसंच लखलखीत. सूर्यभान न् बाकीचे काठावरच धापा टाकत बसलेले. श्रीमंतचे दात वाजत होते.

लंकाबाईनं रंगुबाईला फोन लावला. लागला नाही. परत लावला. नाहीच. डोंगराकडं बघितलं, तिकडं पुन्हा काळं भरून आलेलं. तिनं विळा पाण्याच्या कडेला मातीत रोवला न् टक लावून बसली. थोड्याच वेळात पाणी पात्याला लागलं. मग पातं बुडालं. मग मूठ.

"उठा," ती म्हणाली. "वर चला, देवळाच्या टेकाडावर."

या वेळी सगळ्यात आधी सूर्यभान उठला.