पहिली ओंजळ

परवा अकोल्यात एका घरी पाण्याचा पेला तोंडाला लावला, जिभेवर खार उतरला आणि मी पेला तसाच खाली ठेवला. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हा मी बाळापूरकडच्या एका खेड्यात मास्तर होतो, आणि जमिनीचे थर तपासणारा एक गोरा साहेब तिथे आला होता. काचेच्या बरणीत काळ्या-पिवळ्या मातीचे थर भरून तो पारावर लोकांना समजावत होता, की इथे गोडं पाणी वरच आहे, त्याच्याखाली खारं. विहिरी मुळीच खोल करू नका. ते मराठीत सांगायचं काम माझं. समोरच तो माळी बसलेला, ज्याच्या मळ्यातली वांगी रोज माझ्या घरी यायची. त्याची विहीर आटली होती आणि खोदणारे ठरले होते. "सायेब काय म्हणून राह्यला, मास्तर?" त्याचा चेहरा बघून माझी जीभ कचरली. "जपून खोदा म्हणतात." पुढचे आठ दिवस पहारीचा आवाज शाळेपर्यंत यायचा आणि माझं शिकवण्यात चित्त लागेना. नवव्या दिवशी झरा फुटला. नारळ फोडून त्यानं पहिली ओंजळ माझ्यापुढे धरली. "पयले तुमी प्या, तुमीच तं सांगतलं." ओल्या मातीचा वास, भोवती त्याचं सगळं घर उभं. मी प्यालो. "गोड हाय नं?" मी होकारार्थी मान हलवली. त्यानं लगेच मोट जुंपली. पंधरा दिवसांत वांगी करपली. परवा अकोल्यातल्या त्या घरची सून पेल्याकडे बघत म्हणाली, "काहून, खारं लागलं का?" आणि या वयातही मी चटकन म्हणालो, "नाही, नाही."