बोळवण राहिलेले लग्न

काशीदच्या उत्तरेकडील एका कोळीवाड्यात नीराबाई नावाची धवलारीण राहते. धवलारीण म्हणजे लग्न लावणारी बाई. ती तांदळाच्या पिठाने चौक भरते, नवरानवरीला पाटावर बसवते आणि धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते. धवल्यांमधून ती देवांना एकेक नाव घेऊन मांडवात बोलावते, घरातील गेलेल्या माणसांनाही बोलावते, आणि लग्न लागल्यावर त्याच क्रमाने सर्वांची बोळवण करते. नीराबाईला ही विद्या तिच्या आतेने दिली. देताना आतेने एकच अट घातली होती. बोलावलेले देव तसेच बसवून ठेवून उठायचे नाही. ज्या लग्नाची बोळवण राहिली, ते त्याच जोडप्यापुढे पुरे केल्याशिवाय दुसऱ्या मांडवात तोंड उघडायचे नाही. बेचाळीस वर्षांत नीराबाईने ही अट मोडली नाही. एकदा वादळात मांडव उडून गेला, तेव्हाही तिने नवरानवरीला उलट्या होडीच्या आडोशाला बसवले व शेवटच्या नावापर्यंत गाणे म्हटले.

पुढे लग्ने हॉलमध्ये लागू लागली. मोठमोठे कर्णे आले, त्यांच्यापुढे एका म्हातारीचा आवाज कोण ऐकणार? गेली तीन वर्षे तिला कोणी बोलावले नव्हते. गाणे जिभेवरून उतरू नये म्हणून ती भांडी घासताना धवले म्हणत असे. अशा वेळी शेजारची सुचिता तिच्याकडे आली. सुचिता अलिबागला एका दवाखान्यात परिचारिका आहे, शिकलेली मुलगी आहे.

"आजी, माझं लग्न तू लावायचंस," ती म्हणाली. "सासरच्यांना सांगून टाकलंय मी. धवलारीण नसेल तर नवरी पण नसेल."

"मेली, आगाऊच हायस तू," नीराबाई म्हणाली, आणि आत जाऊन तिने डोळे पुसले.

लग्न गुरुवारी होते. सोमवारी घाणा भरायचा होता, म्हणजे लग्नाची हळद व तांदूळ जात्यावर दळायचे होते, आणि जात्याला पहिला हात लागण्याआधी धवलारणीचा सूर लागावा लागतो.

त्याच्या आधीच्या आठवड्यात नीराबाईची सून कोकिळा रिसॉर्टवरून बोलावण्याचा निरोप घेऊन आली. कोकिळा तेथे खोल्या झाडते व चादरी बदलते. त्या रिसॉर्टने स्वतःला बेट म्हणवून घेतले आहे. खरे बेट तेथे नाही. मालकाने जागेभोवती चर खणून पाणी सोडले आहे, त्यावर लाकडी पूल टाकला आहे आणि कुठून कुठून उपटून आणलेले माड लावले आहेत. ते पाणी हलत नाही, म्हणून हिरवे पडले आहे, आणि त्यात रिकाम्या बाटल्या व डास यांशिवाय काही नाही. भरती-ओहोटी पाहिलेल्या माणसाला ते पाणी पाहून मळमळते.

पाहुण्यांची करमणूक पाहणारा प्रज्योत नावाचा तरुण स्वतः घरी आला. बोलायला गोड होता.

"मावशी, आमच्याकडे जोडपी येतात. लग्नाला दहा-दहा वर्षं झालेली. त्यांना हौस असते पुन्हा पाटावर बसायची. तुम्ही फक्त तुमचं ओरिजिनल करायचं."

"नवराबायकोच ना?" नीराबाईने विचारले.

"मग काय तर!"

नवराबायकोला पुन्हा आशीर्वाद देण्यात पाप नाही, असा नीराबाईने विचार केला. खरे सांगायचे तर तिला गायचे होते. भांड्यांपुढे गाऊन ती कंटाळली होती.

शनिवारी दुपारी ती हिरवे लुगडे नेसून, डोक्यावर पाट घेऊन पूल ओलांडून गेली. दाराशी फळ्यावर दिवसाचे कार्यक्रम लिहिले होते. कोकिळेने ते वाचून दाखवले. चार वाजता बनाना बोट, पाच वाजता कोळी लग्न, साडेपाचला फेसाची पार्टी.

"अर्ध्या तासात लग्न?" नीराबाई म्हणाली.

"आई, त्यांची घड्याळं वेगळी असतात," कोकिळा म्हणाली.

चौक भरायची जागा पोहण्याच्या तलावाच्या काठावर होती. तलावाच्या पाण्यावर अंगाला लावायच्या मलमाचा तेलकट थर तरंगत होता. माशांच्या वासात जन्म गेलेल्या बाईला वासाची किळस येत नाही. परंतु तिने हाताने भरलेल्या चौकावरून एक ओला पाय गेला, मग दुसरा गेला, आणि कोणी मागे वळूनही पाहिले नाही. तिने चौक तीन वेळा भरला.

नवरा म्हणून कमलेश नावाचा गृहस्थ बसला, नवरी म्हणून सोनल नावाची बाई. दोघेही ठाण्याच्या मित्रमंडळींच्या एका घोळक्यातील होते. कमलेशच्या डोक्याला बाशिंग होते, कमरेला ओली अर्धी चड्डी होती आणि हातात बिअरचा ग्लास होता. नीराबाईने ग्लास काढून बाजूला ठेवला. मग तिने डोळे मिटले आणि पहिला सूर लावला. तीन वर्षांनी माणसांसमोर लावलेला तो सूर होता. सारा घोळका क्षणभर गप्प झाला, असे कोकिळा शपथेवर सांगते.

देव आले. एकवीस नावे घेऊन झाली, ग्रामदेवता आली, समुद्र आला. मग गेलेल्या माणसांना बोलावण्यासाठी तिने नवरीला माहेरच्यांची नावे विचारली. तेवढ्यात मागून एक जण ओरडला, "अरे कमल्या, सांभाळून! बायको माझी आहे! सोमवारी परत दे!"

सगळे खो-खो हसले. ओरडणारा गणराज, तो सोनलचा खरा नवरा. जोडी चिठ्ठ्या टाकून काढली होती. कमलेशची बायको समोरच खुर्चीत बसून फोनवर चित्रण करत होती.

नवराबायको म्हणून सांगितलेली ही जोडी नवराबायको नव्हतीच. परंतु देव येऊन बसले होते, अर्ध्यावर उठणे तिच्या हातात नव्हते. तिने गाणे चालू ठेवले. वाटीतील अक्षतांमध्ये कोणीतरी खाल्लेल्या सुरमईचा काटा टाकला होता, तो तिने बोटाने काढून टाकला. लग्न लागले. आता बोळवण राहिली होती. तिने श्वास घेतला आणि त्याच क्षणी भोंगा वाजला, फेसाचे यंत्र सुरू झाले, आणि नवरा, नवरी, वऱ्हाडी सगळे किंचाळत पळाले. कमलेशने बाशिंग काढून जेवणाच्या टेबलावर, खेकड्याच्या कवचांच्या ढिगात फेकले. पांढरा फेस वाहत चौकावर आला आणि चौक पुसला गेला.

नीराबाई डोक्यावर पाट घेऊन घरी परतली. अंगणात सुचिता वाट पाहत होती.

"आजी, सोमवारी जातं तुझ्याकडं आणू का आमच्याकडंच मांडू?"

"सांगते," नीराबाई पाट उतरवत म्हणाली.

"सांगते काय? परवा तर सोमवार!" सुचिता हसत गेली.

कोकिळेने सासूची समजूत घातली. "आई, कोनाला कळतंय? ते देव तिथं आले असतील असं वाटतंय का तुम्हाला? त्या घाणीत?"

"मी हाक मारली व्हती," नीराबाई म्हणाली. "माज्या आवाजावर आले ते. त्या घाणीत मी बशिवले त्यांना. आनि तसंच तोंड घेऊन त्या पोरीच्या जात्यापुढं बसू?"

रविवारी सकाळी आठ वाजता ती पुन्हा पाट घेऊन रिसॉर्टवर हजर झाली. प्रज्योतला आधी तिचे बोलणे कळेना.

"मावशी, टेन्शन कशाला? पुढच्या शनिवारी दुसरी जोडी बसवतो. तेव्हा शेवटचं पण गा."

"दुसरी न्हाय चालत. हीच पायजे."

"ते अकराला निघतात. मांडव्याहून बोट आहे त्यांची."

"मग अकराच्या आत."

मंडळी नाश्त्याला बसली होती. नीराबाई हात जोडून त्यांच्या टेबलाशी उभी राहिली. उभ्या आयुष्यात धवलारीण कोणापुढे हात जोडत नाही, लोक तिला बोलवायला येतात. तिने सर्व नीट समजावून सांगितले. ऐकून कमलेशने आमलेटाचा घास गालात धरून विचारले, "म्हणजे ते सगळे अजून इथेच आहेत?"

"देवांचं चेक-आउट राहिलंय रे!" गणराज म्हणाला. "रात्रीचं भाडं कोण भरणार?"

टेबल हसले. सोनल मात्र कमी हसली. "किती वेळ लागेल, मावशी?"

"माजं संपंल तवर."

"बनाना बोट झाली की बसतो," कमलेश म्हणाला. "प्रॉमिस."

नीराबाई वाळूत पाट टाकून बसली. केळ्याच्या आकाराची ती पिवळी रबरी वस्तू पाण्यावर आपटत गेली, तिच्यावर आठ माणसे दोन्हीकडे पाय टाकून ओरडत होती. माणूस पाण्यात जातो तो मासळीसाठी किंवा मेलेल्याची राख सोडण्यासाठी. पाण्यात मुद्दाम पडण्यासाठी जाणारी माणसे नीराबाई पाहत होती. ठरल्याप्रमाणे बोटवाल्याने त्यांना पाण्यात पाडले. सर्वांच्या अंगात नारिंगी जाकिटे होती, बुडणार कोणीच नव्हते. परंतु कमलेशच्या नाकातोंडात पाणी गेले. काठावर येताच तो गुडघ्यांवर बसला आणि पाटापासून दोन हातांवर भडाभडा ओकला. आमलेट, कालची बिअर आणि समुद्र.

"आता बस," नीराबाई म्हणाली.

"अहो मावशी, माझी हालत बघा..."

"बघतेय. बस."

तो बसला. सोनलही शेजारी बसली. त्याच्या हनुवटीला उष्टे लागले होते. अशा तोंडापुढे देवांची बोळवण होत नाही. कोकिळा पुढे झाली, पण हे काम धवलारणीचे असते. नीराबाईने तांब्या घेतला, एका हाताने त्याची मान धरली आणि दुसऱ्या हाताने त्याचे तोंड धुतले. ओठ, हनुवटी, मिशीत अडकलेला कण. बेचाळीस वर्षांत तिने शेकडो नवरदेवांच्या कपाळाला हळद लावली, पण आजच्याइतकी घाण तिच्या बोटांना कधी लागली नव्हती. तिने आपला हात वाळूने घासला, मग पाण्याने धुतला, आणि गायला लागली.

एकेक नाव ती परत पाठवत गेली. सातव्या नावाला कमलेश उठू लागला. तिने गाणे न थांबवता त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबले. पंधराव्या नावाला गणराज म्हणाला, "अरे, बोट चुकेल," आणि सोनलने ओल्या केसांनी मागे वळून नवऱ्याला सांगितले, "गप्प बस जरा." समुद्राची बोळवण झाली. शेवटी नीराबाईने सोनलच्या आजीचे नाव घेतले, जे सोनलने काल हसत हसत सांगितले होते. आज ती हसली नाही.

गाणे संपल्यावर सोनल हळूच जवळ आली. "मावशी, म्हणजे... काल आमचं खरंच लागलं होतं का?"

"लागलं व्हतं," नीराबाई म्हणाली. "आता सुटलं. ज्याचं त्याला. जा."

सोनलने खाली वाकून नमस्कार केला. नीराबाईने पाय मागे घेतले.

प्रज्योत मोबाइल वर धरून उभा होता. सर्व त्याने टिपले होते. "मावशी, हे तर कालच्यापेक्षा भारी आहे! संडेचं वेगळं सेशन करू. तोंड धुण्याचं पण ठेवू, लोकांना इमोशनल वाटेल."

नीराबाईने पाट उचलला. ती गुडघाभर पाण्यात गेली, तिने पाट उलटासुलटा करून धुतला आणि पुलाकडे चालू लागली. पूल ओलांडल्यावर कोकिळेने तिला गाठले.

"आई, ते विचारतायत. मला तिथं काम करायचंय हो. सांगते, आईंची तब्येत बरी न्हाय, यायच्या न्हायत."

"तब्येतीचं नको सांगू."

"मग काय सांगू?"

"किळस आली म्हनून सांग."

कोकिळा हिरव्या पाण्यावरचा पूल ओलांडून परत गेली, आणि तिने तसेच सांगितले. प्रज्योतला राग आला नाही. त्याने फळ्यावरून कोळी लग्न पुसले आणि तेथे दुसरे काही लिहिले.

नीराबाई घरी न जाता थेट सुचिताच्या ओसरीवर गेली. सुचिता तांदूळ निवडत होती.

"जातं तुमच्याकडंच मांड," नीराबाई म्हणाली. "आनि आधी मला साबण दे."