सांभाळून ठेवलेलं एन्झाइम

आमच्या सरांचा एका एन्झाइमवर इतका जीव होता की त्यांनी त्याला कधी धड कामच करू दिलं नाही. ऐकायला अतिशयोक्ती वाटेल. पण बंगालातल्या सॉल्ट लेकच्या त्या संस्थेत मी अशी काही वर्षं काढलीत की अतिशयोक्ती करायची मला गरजच पडत नाही.

आधी ते एन्झाइम म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढे कुणाचं घोडं अडायला नको. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, ती दोन घडणीची असतात, चपलांच्या जोडासारखी, एक डावं आणि एक उजवं. आपलं शरीर प्रथिनं बांधताना फक्त डावी वापरतं. उजवी सापडतात जिवाणूंच्या कवचात, दह्यात, आंबवलेल्या पदार्थांत, आणि थोडीफार आपल्या मेंदूतसुद्धा. या उजव्यांना फोडून त्यांची विल्हेवाट लावणारं एक एन्झाइम मूत्रपिंडात असतं. हळदीच्या पाण्यासारखं पिवळं. हे आमचं कुलदैवत.

आता जगभर लोक हे एन्झाइम जिवाणूंकडून आयतं बनवून घेतात. पण सरांच्या गुरूंनी ते डुकराच्या मूत्रपिंडातून काढलं होतं, त्यांच्याही गुरूंनी तसंच काढलं होतं, तेव्हा आम्ही दुसरीकडून काढायचं म्हणजे घराणं बुडवायचं. म्हणून मी, बेहालाच्या एका कांदा-लसूणही चतुर्थीला वर्ज्य असणाऱ्या घरातली मुलगी, दर पंधरवड्याला सकाळी एस्प्लनेडजवळच्या जुन्या बाजारात जाऊन डुकराची मूत्रपिंडं विकत घ्यायची आणि बर्फाच्या डब्यात घालून मेट्रोने सॉल्ट लेकला न्यायची. दुकानदाराला वाटायचं माझं हॉटेल आहे. एकदा तर त्याने मला आपणहून मसाल्याचं प्रमाण सांगितलं.

आमचं बिऱ्हाड बेहालाला आलं ते बाबांच्या बँकेतल्या बदलीमुळे. बाबा इथेच निवृत्त झाले, इथेच गेले, आणि आई राहिली. पुण्याला दादा बोलावतो, पण आईला आता बंगाली भाजीवाल्याशी भांडल्याशिवाय दिवस गेल्यासारखा वाटत नाही. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना तिने सांगून ठेवलं होतं की मुलगी दह्यावर संशोधन करते. खोटं नव्हतं अगदीच. एकदा मेट्रोत त्याच मंडळातल्या एक काकू भेटल्या आणि गणपतीचे दिवस असल्यामुळे माझ्या डब्याकडे बघून विचारू लागल्या की उकडीचे का गं, किती केलेस? मी ऑफिसचं सामान आहे म्हटलं. काकू उतरेपर्यंत माझ्यावर रुसून बसल्या. मी डबा उघडला असता तर काय झालं असतं, या विचाराने मला मात्र माझं सेक्टर फाइव्ह स्टेशन येईपर्यंत हसू आवरत नव्हतं.

तर सर. सर बंगाली, सत्तरीकडे झुकलेले, निवृत्तीनंतरही मुदतवाढ घेऊन बसलेले. मनाने प्रेमळ. मला ‘मा’ म्हणत, लेकीला आई म्हणायच्या इथल्या वडीलधाऱ्या माणसांच्या रीतीने. माझी नोकरी कंत्राटी, दरवर्षी वाढवून मिळणारी, आणि दरवर्षी ती वाढवून आणली की सर संदेश, ती इथली छेन्याची मिठाई, मागवत आणि म्हणत, मी आहे तोवर तुला चिंता नाही. घरी सांगितलं की आई देवाला हात जोडून म्हणायची, ‘किती गं जपतात तुझे सर तुला.’ आणि मीही मान डोलवायची.

मला हवा होता स्वतःचा एक छोटा प्रकल्प. माझ्या नावाचा. आमच्या एन्झाइमने दह्यातली उजवी अमिनो आम्लं मोजता येतात. या शहरात गल्लोगल्ली दही लागतं, मग कोणत्या विरजणाने ती किती वाढतात हे बघायचं, एवढंच. मोठं काही नाही. पण अर्जावर विभागप्रमुखांची, म्हणजे सरांचीच, सही लागते आणि सर म्हणायचे, घाई काय आहे. घाई काय आहे हे वाक्य आमच्या विभागाच्या दारावर कोरायला हवं होतं. दुपारी जेवण झालं की चहा, चहाबरोबर गप्पा, गप्पांत देशाचं वाटोळं कुणी केलं याचा निकाल, आणि मग पुन्हा चहा. मी एकटीच काय ती कामाची, असं मी म्हणत नाही. मीही त्या चहात पाट्या टाकल्यात.

शेवटी एकदा सरांनी कबूल केलं. तज्ज्ञांची समिती येणार होती, आमचा मोठा प्रकल्प चालू ठेवायचा की बंद करायचा ते ठरवायला. सर म्हणाले, समितीला एन्झाइम डोळ्यांदेखत काम करताना दाखव, प्रकल्प टिकला की दुसऱ्याच दिवशी तुझ्या अर्जावर सही करतो. दाखवायचं होतं सोपं. दोन काचेच्या नळ्या. एकीत डावं अमिनो आम्ल, दुसरीत उजवं. दोन्हीत एन्झाइम आणि रंग येण्यासाठी एक द्रव्य. डावी नळी तशीच राहते, उजवी बघता बघता कातासारखी लाल होते. शाळेतल्या पोरांनाही टाळ्या वाजवाव्याशा वाटतील असा खेळ.

आता इथे आमच्या घराण्याची रीत सांगायला हवी. मूत्रपिंडातून एन्झाइम काढताना रस मधे तापवावा लागतो, म्हणजे नको ती प्रथिनं नासून खाली बसतात. त्यात आपलंही नासू नये म्हणून सोडियम बेन्झोएट घालतात. तेच, जे बाजारातल्या लोणच्याच्या बरणीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. बेन्झोएट एन्झाइमच्या नेमक्या काम करायच्या खाचेत जाऊन बसतं आणि त्याला सांभाळतं. फक्त ते तिथे बसलेलं असेपर्यंत एन्झाइमला काही करता येत नाही. म्हणून शेवटी ते काढून टाकायचं: पातळ पडद्याच्या पिशवीत एन्झाइम भरायचं आणि ती पिशवी शीतखोलीत गार बफरच्या, म्हणजे आम्लता न बदलणाऱ्या खारट पाण्याच्या, मोठ्या भांड्यात सोडून द्यायची. श्रीखंडासाठी आपण दही टांगतो तसंच थोडंफार. बारीक बेन्झोएट पडद्यातून बाहेर निघून जातं, एन्झाइम आत राहतं.

सरांना ही शेवटची पायरी मनापासून आवडत नसे. त्यात थोडं एन्झाइम वाया जातं, आणि वाया जाणं त्यांना बघवत नसे. समितीसाठी मी ताजं एन्झाइम काढायला घेतलं तेव्हा ते स्वतः टेबलाशी येऊन उभे राहिले आणि प्रत्येक टप्प्याला म्हणू लागले, अजून थोडं घाल बेन्झोएट. उकाडा आहे, वीज जाते, उगाच धोका नको. मी घातलं. पिशवी भरायला घेतली तर म्हणाले, राहू दे, समिती येईपर्यंत असंच सुरक्षित ठेवू.

मी म्हटलं की सर, यात बेन्झोएट इतकं आहे की नळी लाल होणारच नाही. त्यांनी मला त्यांच्या गुरूंची गोष्ट ऐकवली. गुरूंचं एन्झाइम म्हणे एका उन्हाळ्यात पंखा बंद पडल्यामुळे गेलं आणि गुरू आठवडाभर जेवले नाहीत. आता जेवणावर गोष्ट आल्यावर मी काय बोलणार? रिकामी पिशवी परत खणात ठेवली. जुनं, धुतलेलं एन्झाइम थोडं वापरायचं म्हटलं तर तेही त्यांनी ताज्यात ओतायला लावलं होतं, एकत्र नीट राहील म्हणून.

समिती आली. चार पुरुष आणि एक बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या बाई. आधी फुलं, मग चहा, मग सरांचं घराण्याच्या इतिहासावर भाषण. मग मी. दोन्ही नळ्यांत एन्झाइम घातलं, रंगाचं द्रव्य घातलं, आणि आम्ही सगळे बघत उभे राहिलो. डावी नळी तशीच राहिली. उजवीही तशीच राहिली. दोघी शेजारी शेजारी, पिवळ्या, ठणठणीत, आणि ढिम्म. कुणीतरी खोकलं. माझा प्रकल्प, माझं नाव, सगळं त्या नळीत बुडताना मला दिसत होतं आणि सरांचा इतका राग आला होता की तो गिळताना कानशिलं तापली.

आणि मग सरांनी काय करावं! ते पुढे झाले, उजवी नळी उजेडात धरली आणि शांतपणे म्हणाले की बघा, शंभर टक्के रोध. मेंदूच्या काही आजारांत हे एन्झाइम थांबवता आलं तर उपयोग होईल का, यावर जगात काम चाललंय, बेन्झोएटवरही चाललंय, आणि इथे तुमच्यासमोर ते पूर्ण थांबलेलं आहे. यातलं सगळं खरं होतं. मीच त्यांना चहाच्या वेळी वाचून दाखवलं होतं. पुरुष मंडळींच्या चेहऱ्यावर तेज आलं. बाईंनी मात्र माझ्याकडे बघून विचारलं, ‘बेन्झोएट मुद्दाम घातलंत?’

सर माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, ‘सरांनी सांगितलं म्हणून घातलं.’

टाळ्या वाजल्या. हे वाक्य मी तक्रार म्हणून बोलले होते, ते लोकांनी आरती म्हणून ऐकलं. सर इतके खूश झाले की त्यांनी समितीला जेवायला नेलं आणि त्यांना इलिश माशाचे काटे कसे काढायचे ते शिकवत बसले. मी प्रयोगशाळेत एकटी राहिले. उरलेलं एन्झाइम पिशवीत भरलं, पिशवी गार बफरमध्ये सोडली आणि घरी गेले. आईने विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, फार छान झालं, काहीच झालं नाही. आईने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

सकाळी पिशवी उघडली, नव्या नळीत उजवं अमिनो आम्ल घेतलं, त्यात हे धुतलेलं एन्झाइम घातलं. मी चष्मा पुसेपर्यंत नळी लाल झाली होती. मी ओरडले नाही, पण टेबलाला हात लावून नमस्कार केला, खरं सांगते. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. त्याला बसवून ठेवलं होतं, एवढंच.

नळी घेऊन मी सभागृहात गेले. समितीचा समारोप चालला होता. सरांनी मला दारातच बघितलं आणि हाताने खूण केली, आत्ता नको. पण बाईंनी बोलावलं. त्यांनी नळी बघितली, मग मला विचारलं, ‘कालचंच एन्झाइम?’

‘हो.’

‘मग काल काय झालं होतं?’

‘काल त्याला सांभाळून ठेवलं होतं.’

बाईंनी चष्मा काढला, सरांकडे बघितलं, आणि पुन्हा घातला. समितीत एकमत व्हायचं होतं आणि विमानाची वेळ झाली होती. प्रकल्प टिकला, नव्या नावाने: आता आम्ही त्या एन्झाइमचं काम थांबवण्याचा अभ्यास करणार होतो. आजवर आम्ही दुसरं काय करत होतो ते मला कुणी सांगितलं तर बरं होईल.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. टेबलावर संदेश. माझं कंत्राट आणखी एका वर्षाने वाढवून आणलं होतं. मी अर्ज पुढे केला. त्यांनी तो हळूच बाजूला सरकवला, संदेशाची बशी पुढे केली, आणि खूप मायेने म्हणाले की दह्यासारख्या विषयावर लोक हसतील, पैसे मिळाले नाहीत तर तुझं नाव खराब होईल, एकटी पडशील, घाई काय आहे. ‘मा, मी आहे तोवर तुला कसली भीती?’

त्यांच्या डोळ्यांत लबाडी असती तर किती सोपं झालं असतं. नव्हती. ते माझ्याकडे अगदी त्या पिवळ्या नळीकडे बघायचे तसे बघत होते. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

मी म्हटलं, ‘सर, मला आता सांभाळू नका.’

त्यांना खरंच कळलं नाही. त्यांनी विचारलं की काय चुकलं माझं, आणि बशी आणखी पुढे सरकवली. संदेश मात्र मी खाल्ला. चांगला होता.

राजीनाम्यावर सरांनी ताबडतोब सही केली नाही, घाई काय आहे म्हणून. पण केली. नंतर जिथे जिथे मी अर्ज केला, तिथे त्यांनी काळजीपोटी कळवलं की मुलगी गुणी आहे, फक्त एकटीला झेपणार नाही. शेवटी बेहालाकडच्याच एका कॉलेजात लागले, कारण त्या जागेसाठी दुसऱ्या कुणी अर्जच केला नव्हता. एक टेबल, एक बेसिन, एक फ्रीज, आणि फ्रीजमध्ये प्राचार्यांचं इन्सुलिन. एन्झाइम आता मी जिवाणूंकडून बनवून घेते. घराणं बुडालं. डुकराच्या दुकानदाराला मात्र कधी कधी रस्त्यात भेटते. हॉटेल बंद पडलं म्हणून त्याला फार वाईट वाटतं.

पहिली चाचणी आईने लावलेल्या दह्यावर केली. आई मुद्दाम बघायला आली, रेशमी साडी नेसून, आणि माझ्या मोडक्या स्टुलावर बसून चारी भिंती न्याहाळू लागली. तिला पुन्हा पुन्हा तो जुना मोठा विभाग आठवत होता.

‘इथे तुला जपणारं कोण आहे गं?’

‘कोणी नाही.’

तिने पदराने घाम पुसला. वीज गेली होती, पंखा थांबला होता, आणि तिच्या दह्याची नळी माझ्या हातात लाल होत चालली होती.

‘मग काम होतं का तुझं?’

‘होतं, आई.’